घरच्या सरावासाठी लहान गिटार अ‍ॅम्प : वाचकांचे प्रश्न

इलेक्ट्रिक गिटार शिकणाऱ्या वाचकांकडून अलीकडे आलेली बरीचशी पत्रे एकाच विषयाभोवती फिरतात : घरी सराव करण्यासाठी, फार खर्च न करता, कोणता अ‍ॅम्प्लिफायर घ्यावा? म्हणून या वेळचे सदर पूर्णपणे त्याच प्रश्नाला दिले आहे. पत्रे थोडी संक्षिप्त केली असून पत्रलेखकांची नावे दिलेली नाहीत.

प्रश्न : चाळिशी ओलांडल्यावर मी इलेक्ट्रिक गिटार शिकायला सुरुवात केली आहे. घर लहान, आई-वडील वयस्कर, भिंतीपलीकडे शेजारी, आणि सरावाला वेळ मिळतो तो रात्री जेवणानंतरच. दुकानात १०, २० आणि ४० वॅटचे अ‍ॅम्प दाखवतात. थोडे पैसे वाढवून मोठाच घ्या, पुढे उपयोगी पडेल, असे विक्रेत्याचे म्हणणे. तर घ्यायचा झाला तर व्हॉल्व्हचाच (काचेच्या निर्वात नळ्यांवर चालणारा) घे, बाकी सगळी खेळणी, असे मित्राचे म्हणणे. किती वॅट पुरेत आणि नेमके काय पाहून निवड करावी?

उत्तर : निवडीच्या दृष्टीने आपल्या पत्रातले सर्वांत महत्त्वाचे शब्द ‘रात्री जेवणानंतर’ हे आहेत. आपण ज्या वेळी वाजवणार त्या वेळी अ‍ॅम्पचा आवाज घरातल्या साध्या बोलण्याच्या वर जाऊन चालणार नाही. म्हणजे आपला अ‍ॅम्प बहुतेक वेळ अगदी हळूच वाजणार आहे. तेव्हा तो जास्तीत जास्त किती मोठा वाजतो हे विचारण्यापेक्षा अगदी कमी आवाजात किती चांगला वाजतो हे तपासावे, आणि बाकीच्या सर्व गोष्टी त्यानंतर पाहाव्यात, असे माझे स्पष्ट मत आहे.

वॅटचा आकडा आणि कानाला जाणवणारा मोठेपणा हे बरोबरीने वाढत नाहीत. शक्ती दुप्पट केली की आवाजाची पातळी ३ डेसिबलने वाढते आणि एवढा फरक लक्ष देऊन ऐकले तरच जाणवतो. आवाज दुप्पट झाला असे वाटण्यासाठी साधारण १० डेसिबलची, म्हणजे दहापट शक्तीची गरज असते. या हिशोबाने २० वॅटचा अ‍ॅम्प १० वॅटच्या अ‍ॅम्पपेक्षा किंचितच मोठा ठरतो. शिवाय स्पीकर किती कार्यक्षम आहे यावरही बरेच अवलंबून असते. गिटारसाठी बनवलेले १२ इंची स्पीकर सामान्यतः केवळ १ वॅट शक्तीवर, १ मीटर अंतरावर ९५ ते १०० डेसिबल आवाज देतात, आणि एवढ्या आवाजात राहत्या खोलीत रोज सराव करणे घरच्यांनाच काय, वाजवणाऱ्यालाही सोसणार नाही. आपल्या सरावात प्रत्यक्ष खर्च होणारी शक्ती एका वॅटचा छोटासा अंशच असेल. म्हणून ५ ते २० वॅट या टप्प्यातला कोणताही अ‍ॅम्प आपल्याला पुरून उरेल. पुढेमागे ड्रमवादकासोबत वाजवण्याची वेळ आली तर मात्र हा अ‍ॅम्प कमी पडेल; पण त्या संभाव्य दिवसासाठी आज मोठा अ‍ॅम्प घेऊन रोज रात्री त्याचा आवाज दाबत बसणे मला योग्य वाटत नाही. याला एक अपवाद आहे. काही अ‍ॅम्पना शक्ती कमी करण्याची कळ असते. बॉसच्या ‘कटाना ५०’ या १२ इंची स्पीकरच्या अ‍ॅम्पवर ती अर्ध्या वॅटपर्यंत उतरवता येते. असा अ‍ॅम्प बजेटमध्ये आणि घरात बसत असेल, तर विक्रेत्याचा सल्ला चुकीचा म्हणता येणार नाही.

वॅटपेक्षा मी स्पीकरच्या आकाराकडे अधिक लक्ष देईन. नेहमीच्या जुळणीत गिटारची सर्वांत जाड तार सुमारे ८२ हर्ट्झवर कंप पावते. ३ किंवा ४ इंचाचा स्पीकर लहानशा पेटीत बसवला की हा मूळ स्वर तो फारच क्षीण उमटवतो. आपल्याला ऐकू येतात ते प्रामुख्याने त्याच्या वरचे स्वरांश, आणि कॉर्ड पोकळ वाटते. ६ ते ८ इंचांच्या स्पीकरमध्ये तीच कॉर्ड भरीव होते. ८ इंचांचा स्पीकर असलेला अ‍ॅम्प टेबलाखाली सहज मावतो आणि एका हाताने उचलता येतो, त्यामुळे जागेची फारच अडचण नसेल तर मी त्याहून लहान आकाराकडे वळणार नाही. पेटीचाही यात वाटा असतो : पातळ प्लॅस्टिकची पेटी विशिष्ट स्वरांवर स्वतःच थरथरते, तर जाड लाकडी फळीची पेटी शांत राहते. दुकानात पेटीवर बोटाच्या पेराने टकटक करून पाहावे. खणखणीत पोकळ आवाज आला, तर सरावाच्या वेळीही तो कुठल्या ना कुठल्या स्वरासोबत डोके वर काढणार हे समजावे.

आता कमी आवाजाचा मुद्दा. हार्वे फ्लेचर आणि विल्डेन मन्सन या संशोधकांनी १९३३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या मोजणीतून असे दिसले की, आवाज जसजसा कमी होतो तसतसा माणसाचा कान खर्जाच्या स्वरांना आणि अगदी वरच्या स्वरांना मधल्या स्वरांच्या मानाने जास्त मंद होत जातो. दुकानात मोठ्या आवाजात भरदार वाटलेला अ‍ॅम्प घरी आणून हळू लावला की बारीक आणि निर्जीव वाटतो, त्याचे एक मोठे कारण हे आहे. यात अ‍ॅम्प बिघडलेला नसतो आणि आपली गिटारही वाईट नसते. यावर उपाय म्हणून हळू वाजवताना बास थोडा वाढवावा आणि ट्रेबलही किंचित वर न्यावा. ज्या अ‍ॅम्पवर बास, मिडल आणि ट्रेबल यांची तीन वेगळी बटणे आहेत त्यावर हे नीट साधते. ‘टोन’ नावाचे एकच बटण असलेल्या अ‍ॅम्पवर एक बाजू सावरताना दुसरी हातातून निसटते.

व्हॉल्यूमच्या बटणाची चालही तपासावी. बऱ्याच स्वस्त अ‍ॅम्पमध्ये बटण शून्यावरून जरासे हलवताच आवाज एकदम उसळतो आणि पुढची सारी फेरी जवळजवळ वाया जाते. अशा अ‍ॅम्पवर रात्रीचा नेमका आवाज लावणे म्हणजे रोजचा त्रास. चांगल्या अ‍ॅम्पमध्ये बटण पाव फेरीपर्यंत नेले तरी आवाज सावकाश, एकसारखा चढतो. शिवाय गेन आणि व्हॉल्यूम ही दोन बटणे वेगळी असणे माझ्या मते अत्यावश्यक आहे. गेन म्हणजे आतल्या पहिल्या टप्प्यात गिटारचा संकेत किती जोरात घ्यायचा ते ठरवणारे बटण, आणि व्हॉल्यूम म्हणजे शेवटी स्पीकरला किती द्यायचे ते ठरवणारे. दोन्ही वेगळी असली की गेन वाढवून रॉकचा खरखरीत आवाज काढायचा आणि व्हॉल्यूम कमी ठेवून घर शांत ठेवायचे, हे एकाच वेळी जमते.

आपल्या मित्राच्या मताला आधार आहे. इलेक्ट्रिक गिटारच्या आवाजाची आपल्या कानात बसलेली कल्पना व्हॉल्व्हच्या अ‍ॅम्पनीच घडवली, आणि ते काही सगळेच अवाढव्य नव्हते : फेंडर कंपनीचा विद्यार्थ्यांसाठी काढलेला ‘चॅम्प’ हा जेमतेम ५ वॅटचा, ८ इंची स्पीकरचा अ‍ॅम्प होता आणि पुढे ध्वनिमुद्रणासाठीही तो वादकांच्या आवडीचा झाला. परंतु व्हॉल्व्हच्या अ‍ॅम्पची ज्यासाठी स्तुती होते ती ऊब आणि बोटांच्या दाबाला मिळणारा तो प्रतिसाद बव्हंशी शेवटच्या टप्प्यातले व्हॉल्व्ह ताणले गेल्यावर येतो, आणि ते ताणले जाण्यासाठी आवाज बराच मोठा ठेवावा लागतो. पाच वॅटचा व्हॉल्व्ह अ‍ॅम्प पूर्ण उघडला तर तो भिंतीपलीकडेही पोहोचतो. म्हणजे आपण ज्या गुणासाठी जास्त पैसे मोजणार, तो गुण आपल्या सरावाच्या वेळेत मिळणारच नाही. वर व्हॉल्व्ह झिजल्यावर बदलण्याचा खर्च वेगळा. आपल्या परिस्थितीत ट्रान्झिस्टरचा साधा अ‍ॅम्प हीच शहाणपणाची निवड आहे, आणि त्याला खेळणे म्हणण्याचे काहीही कारण नाही.

दुकानात जाताना स्वतःची गिटार आणि स्वतःची केबल न्यावी. दुकानातल्या महागड्या गिटारवर अ‍ॅम्प ऐकला, तर आपण अर्धी पारख त्या गिटारची करून येतो. सर्व इफेक्ट (आवाजावर चढवलेले प्रतिध्वनीसारखे संस्कार) बंद ठेवावेत, टोनची बटणे मध्यावर आणावीत, क्लीन चॅनेल, म्हणजे खरखर न मिसळलेला स्वच्छ आवाज, निवडावा आणि शेजारी उभ्या असलेल्या माणसाशी सहज बोलता येईल इतकाच आवाज ठेवावा. विक्रेता वाढवू लागला तर त्याला नम्रपणे थांबवावे. मग जाड तार मोकळी छेडून ती विरून जाईपर्यंत ऐकावी. सहाही तारांची एखादी कॉर्ड सावकाश, एकेक तार सुटी ओढत वाजवावी आणि प्रत्येक तार वेगळी ऐकू येते का ते पाहावे. एकच स्वर आधी हलक्या आणि नंतर जोरकस हाताने वाजवला असता फरक स्पष्ट जाणवला पाहिजे, कारण शिकणाऱ्याला आपल्या हाताच्या चुका आणि प्रगती यांतूनच कळते. हे सर्व समाधानकारक वाटले तरच गेन वाढवून पाहावा. शेवटी हात तारांवर ठेवून त्या गप्प कराव्यात आणि अ‍ॅम्पची नुसती सळसळ किती येते ते ऐकावे. शांत घरात हीच सळसळ फार मोठी वाटते.

नावेच हवी असतील तर ऐकण्याची सुरुवात फेंडरचा ‘फ्रंटमन १०जी’, ऑरेंजचा ‘क्रश १२’ आणि व्हॉक्सचा ‘पाथफाइंडर १०’ यांच्यापासून करावी. तिन्ही १० ते १२ वॅटचे, सहा-साडेसहा इंची स्पीकरचे, मोजकी बटणे असलेले आणि हेडफोनची सोय असलेले अ‍ॅम्प आहेत. त्यांच्यानंतर ८ इंची स्पीकरचे त्याच कंपन्यांचे मोठे भाऊ, म्हणजे ‘फ्रंटमन २०जी’ किंवा ‘क्रश २०’, ऐकावेत. फरक कानाला पटला आणि खिशाला परवडला, तर दुसऱ्या गटातला घ्यावा.

प्रश्न : माझी १४ वर्षांची मुलगी वर्षभरापासून गिटार शिकते. तिला अनेक प्रकारचे आवाज आणि इफेक्ट देणारा, मोबाइलला जोडता येणारा अ‍ॅम्प हवा आहे. तिचे शिक्षक मात्र साधा अ‍ॅम्प घ्या म्हणतात. कोणाचे ऐकावे?

उत्तर : ज्या अ‍ॅम्पविषयी आपली मुलगी बोलते आहे त्यांना मॉडेलिंग अ‍ॅम्प म्हणतात. निरनिराळ्या प्रसिद्ध अ‍ॅम्पच्या मंडलांचे वर्तन गणिताने उभे करून तसाच आवाज काढणारा संगणक त्यांच्यात बसवलेला असतो. लाइन सिक्स या कंपनीने १९९६ मध्ये असा अ‍ॅम्प बाजारात आणला तेव्हा ही चैन होती. आज लहान आणि परवडणाऱ्या अ‍ॅम्पमध्येही हे तंत्र सर्रास मिळते. घरगुती वापरात त्याचा एक खरा फायदा आहे : मोठ्या आवाजात ताणलेल्या व्हॉल्व्ह अ‍ॅम्पचा पोत ते हळू आवाजातही बऱ्यापैकी देते. यामाहाने २०११ पासून काढलेली ‘टीएचआर’ ही मालिका तर घरात, टेबलावर, कमी आवाजात वाजवण्यासाठीच बेतलेली आहे.

शिक्षकांची काळजीही मला पूर्णपणे समजते. सरावाच्या अर्ध्या तासातली वीस मिनिटे आवाज निवडण्यात गेली तर हात तयार होणार नाही, आणि भरपूर डिस्टॉर्शन (खरखरीत आवाज) व रिव्हर्ब (घुमारा) यांच्या पांघरुणाखाली अर्धवट दाबलेली तार किंवा चुकलेली लय झाकली जाते. वर्षभर शिकलेल्या विद्यार्थिनीला सर्वांत जास्त गरज असते ती कोरड्या, स्वच्छ आवाजाची, जो चूक लगेच दाखवून देतो.

तरीही मी आपल्या मुलीच्या बाजूने कौल देईन. ज्या आवाजाच्या ओढीने मुले गिटार हातात घेतात, तो आवाज घरी निघू लागला की ती आपणहून गिटार उचलतात, आणि चौदाव्या वर्षी ही ओढ टिकणे फार मोलाचे आहे. फक्त अ‍ॅम्प निवडताना एक अट ठेवावी : गेन, व्हॉल्यूम आणि टोन यांची खरीखुरी बटणे अ‍ॅम्पच्या दर्शनी बाजूला असावीत आणि मोबाइल हाती न घेताही तो पूर्ण वापरता यावा. ज्या अ‍ॅम्पची महत्त्वाची कामे केवळ मोबाइलच्या अ‍ॅपमधूनच होतात त्याचे आयुष्य त्या अ‍ॅपशी बांधलेले असते. कंपनीने काही वर्षांनी अ‍ॅप अद्ययावत करणे थांबवले तर धडधाकट अ‍ॅम्पही लंगडा होतो. शिवाय सरावाला बसताना मोबाइल हातात असणे म्हणजे काय, हे पालकांना वेगळे सांगायला नको. फेंडरचा ‘मस्टँग एलटी २५’ हा २५ वॅटचा, ८ इंची स्पीकरचा अ‍ॅम्प या दृष्टीने ऐकण्यासारखा आहे. शिक्षकांशी बोलून असे ठरवता येईल की, सरावाचा पहिला भाग क्लीन आवाजात, कोणताही इफेक्ट न लावता होईल आणि उरलेला तिच्या मर्जीने.

प्रश्न : मी वसतिगृहात राहतो. खोलीत तिघे जण आहेत, त्यामुळे स्पीकर लावून वाजवणे जवळजवळ अशक्य आहे. माझ्याकडे ब्लूटूथ हेडफोन आहेत. अ‍ॅम्पऐवजी दुसरे काही चालेल का?

उत्तर : चालेल, आणि आपल्या बाबतीत तेच बरे. गिटारच्या जॅकमध्ये थेट खोचायचे, काड्यापेटीपेक्षा थोडे मोठे हेडफोन अ‍ॅम्प मिळतात. व्हॉक्सचा ‘अँपलग’ हा त्यांतला सर्वांत परिचित आहे. ही कल्पना जुनी आहे. बोस्टन या बँडचे गिटारवादक टॉम शोल्झ यांनी १९८२ मध्ये ‘रॉकमन’ नावाचा कमरेला अडकवण्याजोगा हेडफोन अ‍ॅम्प आणला होता आणि त्याचा आवाज पुढे ध्वनिमुद्रणातही वापरला गेला. दुसरा मार्ग संगणकाचा : ऑडिओ इंटरफेस नावाचे छोटे उपकरण गिटार आणि संगणक यांच्यामध्ये जोडले की अ‍ॅम्पचे काम सॉफ्टवेअर करते. आपल्याकडे संगणक असेलच, तर तेवढ्याच खर्चात ध्वनिमुद्रणाचीही सोय होते.

ब्लूटूथ हेडफोन मात्र या कामाला उपयोगाचे नाहीत. ब्लूटूथवरून जाणारा आवाज सामान्यतः सेकंदाच्या दहाव्या भागाहून अधिक उशिरा पोहोचतो. तार छेडल्यावर इतक्या उशिराने स्वर ऐकू आला तर लय धरणे अशक्य होते आणि हातांना चुकीची सवय लागते. तारेचे हेडफोनच घ्यावेत, आणि कान पूर्ण झाकणारे घ्यावेत. अ‍ॅम्पवर ब्लूटूथ असण्याचा उपयोग वेगळा आहे : मोबाइलवरचे गाणे अ‍ॅम्पमधून लावून त्यासोबत वाजवण्यासाठी. तेथे उशीर झाला तरी बिघडत नाही, कारण गाणे जेव्हा ऐकू येते तेव्हा आपण त्याच्याबरोबर वाजवतो आणि आपली गिटार केबलमधून तत्काळ ऐकू येत असते. ही सोय नसेल तर मोबाइल तारेने जोडण्याचे ३.५ मिलिमीटरचे ऑक्स इनपुट तेच काम करते.

हेडफोनवर आवाज किती ठेवावा, याबद्दल आपण विचारले नसले तरी मला सांगितलेच पाहिजे. व्यावसायिक आरोग्याच्या क्षेत्रात ८५ डेसिबलच्या आवाजात दिवसाला ८ तास ही सुरक्षिततेची मर्यादा मानली जाते, आणि दर ३ डेसिबल वाढीमागे ही मुदत निम्मी होते. म्हणजे ९४ डेसिबलला केवळ एक तास उरतो. डिस्टॉर्शनचा आवाज सलग भरलेला असल्याने तो नकळत वाढवला जातो. हेडफोन लावण्यापूर्वी व्हॉल्यूम शून्यावर आणावा, मग तो हळूहळू चढवावा आणि सराव संपल्यावर कानात शिट्टी वाजल्यासारखे वाटले, तर दुसऱ्या दिवशी आवाज नक्की कमी करावा.

प्रश्न : घरी गाणी ऐकण्याची चांगली म्युझिक सिस्टीम आहे. गिटार तिलाच जोडली तर अ‍ॅम्पचा खर्च वाचेल का?

उत्तर : आवाज येईल, पण तो गिटारचा म्हणून आवडणार नाही. गिटारच्या पिकअपला, म्हणजे तारांचे कंपन विजेच्या संकेतात बदलणाऱ्या भागाला, साधारण १० लाख ओहम रोध असलेले इनपुट लागते. म्युझिक सिस्टीमचे इनपुट बहुधा १० ते ५० हजार ओहमचे असते, आणि त्यामुळे पिकअपवर भार पडून वरचे स्वर बोथट होतात. शिवाय पिकअपचा संकेत क्षीण असतो, म्हणून आवाज खूप वाढवावा लागतो. गिटारचा स्पीकर साधारण ५,००० हर्ट्झच्या वरचे स्वर मुद्दामच कमी देतो. संगीत ऐकण्याचा स्पीकर ते सर्व देतो, आणि म्हणून त्यावर डिस्टॉर्शन लावले की कर्कश करकर ऐकू येते. मध्ये मॉडेलिंग करणारे, स्पीकरचे अनुकरण असलेले उपकरण लावल्यास मात्र तीच सिस्टीम उत्तम वाजते. केवळ केबल बदलून हे साधणार नाही.

प्रश्न : माझ्याकडे पिकअप बसवलेली अकूस्टिक गिटार आहे आणि भाऊ बास गिटार वाजवतो. दोघांना मिळून एकच लहान अ‍ॅम्प चालेल का?

उत्तर : अकूस्टिक गिटार इलेक्ट्रिक गिटारच्या अ‍ॅम्पला जोडण्यात धोका काही नाही, पण वर सांगितलेल्या कारणामुळे तिच्या तारांची झळाळी त्या स्पीकरमध्ये हरवते. तिच्यासाठी ट्वीटर (वरच्या स्वरांसाठीचा छोटा स्पीकर) असलेला अकूस्टिक अ‍ॅम्प वेगळा मिळतो. बासच्या बाबतीत मी अधिक सावध राहीन. चार तारांच्या बासची जाड तार सुमारे ४१ हर्ट्झवर, म्हणजे गिटारच्या बरोबर एक सप्तक खाली वाजते, आणि तो स्वर उमटवण्यासाठी स्पीकरच्या पडद्याला खूप जास्त पुढेमागे हलावे लागते. लहान गिटार अ‍ॅम्पवर बास जोरात वाजवला तर पडदा फडफडतो आणि कालांतराने स्पीकर खराब होऊ शकतो. उलट बासच्या अ‍ॅम्पवर अकूस्टिक गिटार जोडल्यास इजा होत नाही; त्या अ‍ॅम्पला ट्वीटर असेल तर आवाजही बरा येतो. तेव्हा दोघांना मिळून एकच अ‍ॅम्प घ्यायचा, तर तो ट्वीटर असलेला छोटा बास अ‍ॅम्प घ्यावा. दोघे एकाच वेळी वाजवणार असाल, तर मात्र दोन अ‍ॅम्पना पर्याय नाही.

प्रश्न : जुना, वापरलेला अ‍ॅम्प घेणे शहाणपणाचे ठरेल का? घेताना काय तपासावे?

उत्तर : लहान ट्रान्झिस्टर अ‍ॅम्प जुना घेणे हा पैसे वाचवण्याचा मला सर्वांत पटलेला मार्ग आहे. यात झिजणारे भाग थोडे असतात, आणि बरेच लोक असा अ‍ॅम्प हौसेने घेऊन काही महिन्यांत बाजूला ठेवतात, त्यामुळे चांगल्या स्थितीतले नग मिळतात. प्रत्येक बटण सावकाश एका टोकापासून दुसऱ्यापर्यंत फिरवावे. खरखर ऐकू आली तर बहुधा आत धूळ असते आणि ती विद्युत संपर्क साफ करण्याच्या फवाऱ्याने जाते, मात्र एखाद्या ठिकाणी आवाज पूर्ण तुटत असेल तर बटण बदलावे लागेल. केबल जॅकमध्ये खोचून हलके हलवावी. जॅक सैल असेल तर आवाज येतो-जातो. दुरुस्ती अवघड नसते, पण किंमत ठरवताना ती धरावी. जाळीमागे विजेरीचा प्रकाश टाकून स्पीकरचा पडदा फाटलेला नाही ना ते पाहावे, आणि जाड तार जोरात छेडून पडदा कुठे घासत नाही ना ते ऐकावे. हेडफोन लावून दोन्ही कानांत आवाज येतो का तेही तपासावे. शेवटी अ‍ॅम्प निदान वीस मिनिटे चालू ठेवावा, कारण काही दोष तो तापल्यावरच उघड होतात.

अ‍ॅम्प दुसऱ्या देशातून आलेला असेल तर मागच्या पट्टीवर किती व्होल्ट लिहिले आहेत ते वाचल्याशिवाय तो लावू नये. १२० व्होल्टचा अ‍ॅम्प २३० व्होल्टवर लावला तर जळेल. तीन पिनांच्या प्लगची अर्थिंगची पिन कोणी कापली असेल तर तो अ‍ॅम्प कितीही स्वस्त असला तरी घेऊ नये, कारण गिटारच्या तारा अर्थिंगला जोडलेल्या असतात आणि आपले हात सतत त्यांच्यावर असतात. जुन्या व्हॉल्व्ह अ‍ॅम्पबाबत तर मी आणखी कडक आहे : त्याच्या आत काही शे व्होल्ट असतात आणि प्लग काढल्यानंतरही कपॅसिटरमध्ये ते काही काळ साठून राहतात, म्हणून जाणकार तंत्रज्ञाशिवाय तो कोणीही उघडू नये. तो स्पीकर जोडल्याशिवाय वाजवूही नये, कारण त्यामुळे आउटपुट ट्रान्सफॉर्मर जळू शकतो.

प्रश्न : नवा अ‍ॅम्प घेतला, पण सतत घूंऽऽ असा आवाज येतो. शिवाय अ‍ॅम्प अगदी हळू ठेवला तरी खालच्या मजल्यावरून तक्रार आली. अ‍ॅम्प परत करावा का?

उत्तर : इतक्यात नको. आधी गिटारचा व्हॉल्यूम शून्यावर आणून पाहावा. आवाज थांबला तर तो गिटारमधून येत आहे. सिंगल कॉइल, म्हणजे तारेचे एकच वेटोळे असलेला, पिकअप आसपासच्या विजेच्या तारा, चार्जर आणि दिवे यांचे चुंबकीय क्षेत्र पकडतो. याच त्रासावर उपाय म्हणून गिब्सन कंपनीत सेथ लव्हर यांनी १९५५ मध्ये दोन कॉइलचा हंबकर पिकअप विकसित केला. आपली गिटार सिंगल कॉइलची असेल तर अ‍ॅम्पपासून दोन-तीन हात दूर बसावे आणि गिटारसह हळूहळू वळून पाहावे. एका विशिष्ट दिशेला घूंकार एकदम कमी होतो, आणि खुर्ची तेथेच ठेवावी. पिकअप निवडण्याची कळ दोन पिकअप एकत्र चालतील अशी ठेवल्यानेही बऱ्याच गिटारवर तो कमी होतो. गिटारचा व्हॉल्यूम शून्यावर असूनही आवाज तसाच राहिला, तर दुसरी केबल लावून आणि दुसऱ्या खोलीतल्या अर्थिंग असलेल्या प्लगवर अ‍ॅम्प जोडून पाहावा. तरीही फरक पडला नाही तर मात्र तो मुदतीत परत करावा.

खालच्या मजल्यावर पोहोचतो तो बहुतांशी खर्ज, आणि तो हवेपेक्षा फरशीतून अधिक जातो. अ‍ॅम्प जमिनीवर, त्यातही कोपऱ्यात ठेवला असेल, तर दोन भिंती आणि फरशी मिळून खर्ज आणखी फुगवतात. अ‍ॅम्प कोपऱ्यातून काढून, खाली जाड फोम किंवा घडी केलेली सतरंजी घालून खुर्चीवर ठेवावा आणि कानाच्या दिशेने किंचित मागे कलता करावा. गिटारच्या स्पीकरचे वरचे स्वर समोर अरुंद झोतात जातात. अ‍ॅम्प पायाशी असताना ते आपल्या गुडघ्यांवर पडतात आणि आपण नीट ऐकू यावे म्हणून आवाज वाढवत राहतो. कानासमोर आणल्यावर पूर्वीपेक्षा बराच कमी आवाज पुरेल. एवढे करून खालच्या शेजाऱ्यांना एकदा विचारावे, आणि त्यांना अजूनही ऐकू येत असेल तर बासचे बटण थोडे खाली आणून पुन्हा विचारावे.